शेजाऱ्याच्या मुलाचा हुन्नर

शिवाजी जन्मावा, परंतु तो शेजारच्या घरी, ही महाराष्ट्राची इच्छा फार जुनी आहे. स्वराज्य मिळाले, तलवारी म्यानात गेल्या आणि कारखान्यांचे भोंगे वाजू लागले, तेव्हा या इच्छेत कालमानाप्रमाणे फेरफार झाला तो इतकाच, की आता शेजारच्या घरी सुतार जन्मावा, वायरमन जन्मावा, जोडारी आणि वेल्डर जन्मावा. त्याने दहावी होताच निळा डगला चढवून हातांना घट्टे पाडून घ्यावे व राष्ट्राच्या औद्योगिक उत्कर्षास हातभार लावावा. आणि आमच्या चिरंजिवांनी वातानुकूलित खोलीत संगणकापुढे बसून त्या उत्कर्षाचा आलेख काढावा. धंदेशिक्षणाची राष्ट्राला नितांत आवश्यकता आहे याविषयी मंत्र्यांपासून मुख्याध्यापकांपर्यंत आणि संपादकांपासून भावी सासऱ्यांपर्यंत कोणाचेही दुमत नाही. आणि ज्या प्रश्नावर इतके एकमत असते तो प्रश्न सहसा सुटत नाही, हे अनुभवी माणसास सांगावयास नको. मतभेद असला म्हणजे निदान भांडण होते, आणि भांडणातून कधीकाळी काही निष्पन्न होते; एकमतातून निष्पन्न होतात ते केवळ ठराव.

या एकमताचे याचि देही दर्शन घ्यावयाचे असल्यास तालुक्याच्या गावच्या कोणत्याही हायस्कुलाच्या बक्षीससमारंभास जावे. शाल आणि श्रीफळ स्वीकारून प्रमुख पाहुणे उभे राहतात, घसा साफ करतात आणि कोणतेही काम हलके नसते हे वाक्य अशा काही आवेशाने उच्चारतात, की हलके काम म्हणून जे काही असते ते त्यांनी नुकतेच करून पाहिले असावे असा श्रोत्यांस भास व्हावा. त्यानंतर जर्मनी येतो, जर्मनीच्या पाठोपाठ जपान येतो, आणि श्रमप्रतिष्ठेची गाडी ऐन रंगात आलेली असताना ध्वनिक्षेपक बंद पडतो. मग मांडववाल्याचा एक पोरगा व्यासपीठाखाली सरपटत शिरतो, दातांनी वायर सोलतो, काहीतरी पिळतो, आणि पाहुण्यांचा कंठ त्यांना परत मिळतो. साऱ्या भाषणाचा अर्थ श्रोत्यांना त्या एवढ्या खोळंब्यात जितका कळतो तितका उरलेल्या वेळात कळत नाही. परंतु बक्षिसांच्या यादीत त्या पोराचे नाव नसते, कारण बक्षिसे संस्कृतात पहिल्या आलेल्या कुमारीस आणि ‘श्रमाचे महत्त्व’ या विषयावरील वक्तृत्वस्पर्धेत पहिल्या आलेल्या कुमारास द्यावयाची असतात.

हे एकमत आजकालचे नव्हे. १८५४ साली सर चार्ल्स वुड यांनी विलायतेहून जो शिक्षणविषयक खलिता धाडला, त्यातच रयतेला तिच्या तिच्या स्थितीस उपयोगी पडेल असे व्यावहारिक ज्ञान द्यावे, अशी आज्ञा होती. खात्याने ती शिरसावंद्य मानली, दफ्तरी दाखल केली, आणि ते कारकून तयार करण्याच्या कामास लागले. १८८२ च्या हंटर कमिशनने सुचविले, की हायस्कुलाच्या वरच्या इयत्तांत दोन वाटा फोडाव्यात, एक विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेकडे जाणारी आणि दुसरी व्यापारउदिमाकडे व व्यवहारी धंद्यांकडे जाणारी; त्यांपैकी पहिल्या वाटेवर जत्रा लोटली आणि दुसऱ्या वाटेवर गवत उगवले. स्वातंत्र्यानंतर, दोन वाटांनी भागत नाही असे पाहून १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय शाळांतून सात वाटांची योजना सुचविली. पालकांनी सातांचा साकल्याने विचार केला आणि पुन्हा पहिलीच धरली. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने दहावीनंतरचे निम्मे विद्यार्थी धंदेशिक्षणाकडे वळावेत अशी अपेक्षा केली. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणाने ती पुष्कळच सौम्य करून १९९० पर्यंत शेकडा १० आणि १९९५ पर्यंत शेकडा २५ इतकेच मागितले. १९९२ साली धोरणाची फेरतपासणी झाली तेव्हा टक्के जागेवर आढळले नाहीत. म्हणून टक्के आहेत तसेच ठेवून साले पुढे सरकविण्यात आली, आणि १० टक्क्यांस १९९५ चा व २५ टक्क्यांस २००० चा नवा वायदा मिळाला. कार्यशाळेत माप चुकले म्हणजे लोखंड घासावे लागते. दफ्तरात मापच घासता येते, ही दफ्तराची फार मोठी सोय आहे.

२०२० च्या धोरणाने पुन्हा निम्म्याचा आकडा धरला, आणि २०२५ पर्यंत निदान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसायशिक्षणाचा परिचय घडावा असे योजिले. त्याच धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तर घरी ठेवून गावातील सुतार, माळी, कुंभार यांच्या हाताखाली काम शिकावे, अशी मोठी मनोहर कल्पना आहे. ही कल्पना ऐकून सुताराच्या मुद्रेवर जे भाव उमटले असतील त्यांची नोंद मात्र कोणत्याही अहवालात नाही. त्याची स्वतःची उमेदवारी बापाच्या हाताखाली झाली. रंध्याला हात लावण्याची परवानगी मिळण्यापूर्वी त्याने कित्येक महिने नुसता भुसा झाडला, पटाशीला धार लावता लावता अंगठ्याला धार लावून घेतली. आणि आता वर्गभर मुले एकाच वेळी दारात उभी राहून पहिल्याच दिवशी विचारतात, की काका, खुर्ची कधी करायची? काकांचा स्वतःचा मुलगा या वेळी कोठे आहे, हे कोणी विचारत नाही. तो इंग्रजी शाळेच्या शिकवणीला गेलेला असतो. कारण सुताराच्या मुलाने सुतारच व्हावे असे त्या सुतारास वाटत नाही, आणि सुताराला असे का वाटू नये, याचे उत्तर मात्र त्याच्या ग्राहकांनी द्यावयाचे आहे.

या साऱ्या शिफारशींच्या गर्दीत एक माणूस खरोखरच निराळे बोलला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यास भरलेल्या शिक्षणपरिषदेत गांधीजींनी असे प्रतिपादिले, की हस्तोद्योग हा शिक्षणातील एक विषय न मानता सारे शिक्षणच त्यातून द्यावे, आणि मुलांनी केलेल्या मालाच्या विक्रीतून शिक्षकाचा पगार निघावा. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने या विचारास अभ्यासक्रमाचे रूप दिले. त्यातले पहिले कलम शिक्षणतज्ज्ञांनी वाखाणले. दुसरे ऐकून शिक्षकांच्या पोटात गोळा उठला, कारण सात वर्षांच्या बाळाच्या टकळीवर आपला पगार लोंबकळणार, आणि त्या टकळीवरचे सूत दर हातभर लांबीला तुटते आहे, हे ते रोज डोळ्यांनी पाहत होते. अंमलबजावणीच्या वेळी खात्याने आपल्या परंपरेस अनुसरून मार्ग काढला. सुतातून गणित, भूगोल आणि इतिहास शिकवावयाचा होता. खात्याने सुताचाच एक विषय केला, त्यास वेळापत्रकात तास नेमून दिला, त्या तासाला पेळू वाटले, आणि गणित गणिताच्या तासाला पूर्ववत चालू ठेवले. जी वस्तू शाळेचा पाया व्हावयाची होती तिला खात्याने शाळेच्या ओसरीवर जागा दिली, आणि ती तेथे बसत नाही असे पाहून यथावकाश उचलून नेली.

पुढे कोठारी आयोगाच्या कृपेने ‘कार्यानुभव’ आला आणि १९७७ च्या ईश्वरभाई पटेल समितीच्या कृपेने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ आले. हे दोन्ही पाहुणे मोठे भारदस्त होते, परंतु त्यांच्या वाट्याला जो तास आला तो बहुधा गणिताच्या मास्तरांनी अभ्यासक्रम पुरा करण्यासाठी उसना नेलेला असे, आणि उसनवारी फेडण्याची चाल शिक्षणखात्यात नाही. वर्षाअखेरीस मात्र तयार वस्तू दाखवाव्या लागत. तेव्हा आदल्या संध्याकाळी घराघरांतून समाजोपयोगी उत्पादनाला असा काही वेग येई, की कोणत्याही कारखानदाराने लाजावे. मेणबत्त्या वाण्याकडून येत, कागदी फुले स्टेशनरीच्या दुकानातून येत, रुमालावरचे भरतकाम आई करी, आणि आइस्क्रीमच्या काड्यांचे कौलारू घर बांधण्यासाठी वडील डिंकाने बोटे बरबटून मध्यरात्रीपर्यंत बसत. घराचा मालक, म्हणजे ज्याला गुण मिळावयाचे तो विद्यार्थी, तोवर गाढ झोपलेला असे. शालेय कार्यानुभवातून खराखुरा अनुभव कोणास मिळाला असेल तर तो पालकांस मिळाला, हे मूल्यमापन करणाऱ्यांनी विसरता कामा नये.

परंतु ज्यास लोखंडाची परीक्षा पाहावयाची, अथवा लोखंडाकडून आपली परीक्षा करून घ्यावयाची असेल, त्याने तांत्रिक विद्यालयाच्या कार्यशाळेत पाऊल टाकावे. जिल्ह्याच्या गावी अशी शासकीय विद्यालये आहेत, आणि आजूबाजूच्या शाळांतील आठवी ते दहावीची मुले तांत्रिक विषयांपुरती तेथे येत असतात. तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास, ओळीने बसविलेले, लोखंड पकडून धरणारे शेगडे, भिंतीवर टांगलेल्या करवती आणि हातोड्या, आणि हात पाठीमागे बांधून हिंडणारे निदेशक, असा तेथील थाट. निदेशकांचे भाषण पाहुण्यांच्या भाषणापेक्षा पुष्कळच आटोपशीर असते. नव्या मुलाच्या हाती लोखंडाचा एक ओबडधोबड तुकडा आणि एक कानस ठेवतात, आणि त्या तुकड्याची एक बाजू सपाट व शेजारची बाजू तिच्याशी काटकोनात करून आण, एवढेच सांगतात. काम ऐकावयास इतके क्षुल्लक, की वर्गात पहिला येणारा मुलगा मनातल्या मनात हसतो आणि घासू लागतो. कानस पुढे ढकलताना दाबावी आणि मागे घेताना सैल सोडावी, हे त्यास तोंडपाठ असते. हातांस ते ठाऊक नसते. कानस झुलत राहते, कडा उतरत जातात, आणि सपाट व्हावयाची बाजू मध्यभागी फुगून येते. मुलगा तुकडा घेऊन निदेशकांकडे जातो, ते त्यावर गुण्या ठेवतात, तो खिडकीच्या दिशेने धरतात, गुण्या आणि लोखंड यांच्या फटीतून पलीकडचा प्रकाश पाहतात, आणि तुकडा परत देत म्हणतात, “उजेड दिसतोय. परत घास.”

या दोन वाक्यांत जे शिक्षणशास्त्र सामावलेले आहे ते दोनशे पानी अहवालात सापडणे कठीण. मराठीच्या निबंधात चौथ्या मुद्द्यावरून पाचव्या मुद्द्यावर जाताना उजेड दिसला तरी तो झाकण्यास सुविचार असतात. इतिहासाच्या उत्तरात साल चुकले तरी हस्ताक्षराच्या पुण्याईवर एखादा गुण पदरात पडतो. आणि उत्तर कमी पडले तर पुरवणी जोडता येते. लोखंडास पुरवणी नाही. जे एकदा घासले गेले ते परत येत नाही, आणि एक बाजू सरळ करावी तो दुसरी वाकडी, दुसरी सरळ करावी तो पहिली अपुरी, असे करता करता बोटभर जाडीचा तुकडा पत्र्याच्या जाडीस येऊन पोहोचतो. याच सुमारास पहिला येणारा मुलगा अगतिक होऊन विचारतो, “सर, याचं नवनीत निघालंय का?” शेजारच्या शेगड्यावरचा मुलगा, जो सहामाहीत तीन विषयांत गचकलेला असतो, तो एव्हाना दुसऱ्या बाजूस लागलेला असतो, आणि आयुष्यात प्रथमच वर्गात कोणी त्याची नक्कल करू पाहत असल्यामुळे तो जरासा गोंधळून गेलेला असतो.

आमच्या परीक्षापद्धतीचा आणि हुन्नराचा मुळात जो बेबनाव आहे तो येथे उघड होतो. शंभरापैकी पस्तीस गुण मिळाले की विद्यार्थी उत्तीर्ण, हा शालेय शिरस्ता. आणि पस्तीस टक्के संस्कृत येणारा मनुष्य कोणाचेच काही बिघडवीत नाही, हेही खरे. परंतु विजेच्या जोडणीचा धडा घ्या. जिन्याचा दिवा खालच्या बटणानेही लागावा आणि वरच्या बटणानेही विझावा, ही जोडणी प्रत्येक वायरमनास करावी लागते; ती पस्तीस टक्के बरोबर करणाऱ्या उमेदवाराच्या जिन्यावरून खाली उतरण्याचा प्रसंग त्याच्या परीक्षकावर यावा, म्हणजे उत्तीर्ण या पदवीची व्याप्ती त्यास कळेल. पस्तीस टक्के न गळणारा नळ, पस्तीस टक्के लागणारा ब्रेक आणि पस्तीस टक्के चिकटलेला वेल्डिंगचा सांधा यांना कृपागुण देऊन वर ढकलता येत नाही. सवलतीचा अर्ज, ओळखीची चिठ्ठी आणि वैद्यकीय दाखला या तिन्ही गोष्टींना दाद न देणारा एवढा एकच परीक्षक या देशात उरला आहे, आणि बहुधा त्याचमुळे प्रतिष्ठित कुटुंबे आपली मुले त्याच्यापुढे पाठविण्यास कचरतात.

कचरतात असे सरसकट म्हणणे मात्र अन्यायाचे होईल, कारण काही दूरदर्शी पालक आपली मुले तांत्रिक विषयांस मुद्दाम घालतात. तंत्रनिकेतनाच्या प्रवेशात अशा विद्यार्थ्यांसाठी काही जागा राखून ठेवण्याची प्रथा पडल्यापासून त्यांच्या लक्षात आले, की मुलाने तीन वर्षे कानस धरली तर पुढे जन्मभर कानस धरावी लागणार नाही अशी तरतूद होऊ शकते. उच्च माध्यमिक शाळेत ‘द्विलक्षी’ अभ्यासक्रम निघाला तेव्हाही हेच झाले. विज्ञानशाखेच्या विद्यार्थ्यास एखाद्या व्यवसायाची गोडी लागावी म्हणून एक भाषा आणि आणखी एक विषय यांच्या जागी २०० गुणांचा इलेक्ट्रॉनिक्स, संगणकशास्त्र किंवा यंत्रदुरुस्ती असा विषय देण्यात आला. विद्यार्थ्यांना गोडी लागली ती व्यवसायाची नव्हे, तर त्या २०० गुणांची, आणि गुण भरभरून पडतात असे आढळल्यावर या विषयांसाठी प्रवेशाच्या रांगा लागल्या. हाताला काम मिळावे म्हणून बांधलेला जिना हात स्वच्छ ठेवून वर जाण्यासाठी वापरण्याची ही युक्ती कोणत्याही आयोगास सुचली नव्हती. ती पालकांना आपोआप सुचली.

हुन्नराला समाजात मान नाही, असे जे म्हटले जाते तेही संपूर्णतया खरे नाही. मान आहे, परंतु तो नळ गळत असेपर्यंत आहे. ज्या घरात बाप यंत्रशास्त्राचा पदवीधर, मुलगा संगणकाचा आणि सून व्यवस्थापनाची, त्या घरात मोरीच्या नळाचे वायसर झिजले म्हणजे तिन्ही पदव्या त्या थेंबांकडे आदराने पाहत बसतात, आणि कोपऱ्यावरच्या प्लंबरास दूरध्वनी करण्याचे काम घरातील सर्वांत गोड गळ्याच्या व्यक्तीकडे सोपविले जाते. “दादा, कधी येताय? चहा टाकून ठेवते,” असे इकडून आर्जव होते, “बघतो, जमलं तर उद्या,” असे तिकडून फर्मान सुटते. तो येईपर्यंत तो दादा असतो, मेस्त्री असतो, अहोजाहो असतो, त्याने वायसर बदलून पैसे सांगितले की “एवढ्याशा वायसरचे इतके?” असा उद्गार निघतो, आणि त्याची पाठ फिरताच “आला होता तो प्लंबर” असे त्याचे एकवचनात रूपांतर होते. जावई म्हणून तोच मनुष्य दारात उभा राहिला, तर मात्र त्याची कमाई घरातल्या पदवीधराहून अधिक आहे हे ठाऊक असूनही मुलीचा बाप पत्रिका जुळत नाही असे सांगतो. ग्रहांनी आजवर हुन्नराची जितकी अडवणूक केली तितकी सरकारनेही केलेली नाही.

लोखंडाशी सरळ वागणारी माणसे आपल्यात झालीच नाहीत असे नव्हे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकावयास गेले, तेथे काही रंग आपल्याला नीट ओळखू येत नाहीत असे आढळून आल्यावर यांत्रिक आरेखनाकडे वळले, आणि १८८७ साली स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. तेथे बढतीत डावलले गेले म्हणून नोकरी सोडून त्यांनी पुढे लोखंडी नांगर केला. आणि लोखंडाने जमिनीला विष चढते अशी शेतकऱ्यांची समजूत होती तरी तो विकून दाखविला. १९१० साली औंध संस्थानातील माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्यांना वेळेवर बढती मिळाली असती, तर महाराष्ट्रास एक उत्तम पेन्शनर लाभला असता. त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, १९८३ साली, डॉ. श्रीनाथ कलबाग या अन्नशास्त्रज्ञाने मोठ्या कंपनीतील संशोधकाची जागा सोडून पुणे जिल्ह्यातील पाबळ या अवर्षणग्रस्त गावी विज्ञान आश्रम काढला. शाळेने ज्यांच्यावर नापासाचा शिक्का मारला होता अशी मुले तेथे वेल्डिंग, बांधकाम, शेती, पशुपालन आणि वीजजोडणी शिकू लागली, आणि गावाची कामे पैसे घेऊन करू लागली. आठवड्यातील एक दिवस हाताने काम करावे, ही तेथील पद्धत पुढे अनेक ग्रामीण शाळांतून आठवी ते दहावीसाठी गेली. वर्ध्याच्या परिषदेत ज्या कलमाने शिक्षकांच्या पोटात गोळा उठला होता त्याचे भय पाबळच्या पोरांना वाटले नाही, कारण त्यांच्या जोडकामाचे पैसे गावकरी देत होते, आणि गावकरी जोडकाम गळत असेल तर पैसे देत नाहीत.

हे सर्व ध्यानी घेऊन सरकारदरबारी एक नम्र तजवीज सुचवावीशी वाटते. यापुढे व्यवसायशिक्षणावर जो आयोग, जी समिती किंवा जो अभ्यासगट नेमला जाईल, त्याच्या प्रत्येक सभासदास, अध्यक्ष धरून, पहिल्या बैठकीच्या दिवशी लोखंडाचा एक ओबडधोबड तुकडा, एक कानस आणि एक गुण्या सरकारी खर्चाने पुरविण्यात यावा. आणि तुकड्याच्या सहाही बाजू शेजारच्या बाजूंशी काटकोनात आल्याचा दाखला एखाद्या तांत्रिक विद्यालयाच्या निदेशकाने सहीशिक्क्यानिशी दिल्यावाचून कोणासही अहवालावर सही करण्याचा अधिकार नसावा. याचा पहिला लाभ असा, की अहवाल आटोपशीर होतील, कारण ज्याच्या तळहातास फोड आले आहेत तो मनुष्य लांबलचक वाक्ये लिहीत नाही. (प्रस्तुत लेखातील वाक्यांची लांबी पाहून वाचकांनी लेखकाच्या तळहातांविषयी योग्य तो तर्क करण्यास हरकत नाही.) दुसरा लाभ असा, की ते सहा बाजूंचे तुकडे परिशिष्टात जोडता येतील, आणि अहवालात निदान एक तरी गोष्ट मापात बसलेली आहे असे म्हणता येईल. आयोगास मुदतवाढ मागावी लागेल हे उघड आहे, बहुधा एकाहून अधिक वेळा मागावी लागेल. परंतु मुदतवाढीच्या अर्जात कारणाच्या रकान्यात ‘अद्याप उजेड दिसतो’ असे लिहिलेले असेल, आणि सरकारी दफ्तरात मुदतवाढीचे खरे कारण नोंदले जाण्याची ती पहिलीच वेळ ठरेल.